वाळूचा शेजारधर्म

दक्षिण कोकणातल्या एका वाडीवर मी भर श्रावणात उभा होतो. आम्ही बांधलेला धूपप्रतिबंधक बंधारा तिसरा पावसाळा पार करत होता. एक दगड हलला नव्हता, आणि मला त्याचं समाधान वाटत होतं. तेवढ्यात पलीकडच्या वाडीतली एक म्हातारी काठी टेकत आली. तिच्या परड्यातले चार माड मुळांसकट पाण्यात आडवे झाले होते. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सायबानू, तुमचो बंधारो ऱ्हवलो, पण आमची पुळण खंय गेली?"

मी काहीतरी सांगितलं. यंदा उधाण मोठं होतं, समुद्राचं असंच असतं, असं काहीतरी. ते उत्तर देताना मला लाज वाटली, कारण तिची पुळण कुठे गेली हे मला ठाऊक होतं. अभियांत्रिकीचं शिक्षण घेताना ते मी शिकलो होतो आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. नोकरीत असताना मात्र ते मी कोणाला, अगदी वरिष्ठांनाही, स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही. निवृत्तीनंतर आज लिहितो आहे ते त्या बाईला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

पुळण ही शेतासारखी जागेवर बसलेली जमीन नाही. ती वाटचाल करणारी वाळू आहे. नद्या ती डोंगरातून आणतात, लाटा ती किनाऱ्याला लावतात. लाट किनाऱ्यावर बहुतेक वेळा तिरपी येते, म्हणून वाळूचा कण तिरपा वर चढतो आणि पाण्याबरोबर सरळ खाली उतरतो. असा एकेक पाऊल सरकत तो या वाडीतून त्या वाडीत जातो. तुमच्या दारातली पुळण टिकून दिसते, कारण जितकी वाळू जाते तितकी मागून येते. पावसाळ्यात समुद्र ती उचलून आत नेतो आणि पाण्याखाली तिचा लांबट उंचवटा रचतो. ऑक्टोबरनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून देतात. ज्या घराच्या पायरीला जुलैत पाणी लागतं, त्याच घरासमोर मार्चमध्ये मुलं क्रिकेट खेळतात. हे पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

या चालत्या वाळूत बंधारा घातला की तीन गोष्टी होतात. बंधाऱ्यामागची वाळू कोंडली जाते; उधाणाच्या वेळी किनाऱ्याने समुद्राला जी उसनवारी द्यायची, ती देता येत नाही. समोरची पुळण लाटेच्या माराने खाली बसते. आणि जिथे बंधारा संपतो, तिथून पुढचा किनारा दुप्पट भुकेने खाल्ला जातो, कारण त्याच्या वाट्याची वाळू मागेच अडली. अभियंते याला टोकाची धूप म्हणतात. त्या टोकाला कोणाचं तरी परडं असतं, हे आमच्या संकल्पचित्रात कधी दाखवलेलं नसतं.

हे काही कोकणातच घडतं असं नाही. मद्रासच्या बंदराचं काम 1870 च्या दशकात सुरू झालं. समुद्रात दोन भिंती पुढे गेल्या आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे चालणारी वाळू दक्षिणेच्या भिंतीला अडली. तिथे साठत गेलेल्या वाळूवर आजचा मरीना उभा आहे. हजारो माणसं संध्याकाळी तिथे फिरायला जातात. मरीनाची वाळू ज्यांच्या दारातून गेली, ते रोयापुरम आणि त्याच्या उत्तरेचे मच्छीमार मात्र पिढ्यान्‌पिढ्या दगडी भिंतींमागे राहतात, आणि त्या भिंती उत्तरेकडे लांबतच गेल्या. पुदुच्चेरीत हेच 1980 च्या दशकाच्या अखेरीस बांधलेल्या बंदरानंतर झालं. शहरासमोरची पुळण गेली, तिच्या जागी काळे दगड आले, आणि धूप सरकत सरकत उत्तरेला तमिळनाडूच्या मच्छीमार वस्त्यांपर्यंत पोचली. तिथल्या लोकांनीही मग दगडच मागितले. त्यांना दुसरं काही मागता येतं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

कोकणचा किनारा तमिळनाडूसारखा सलग सरळ नाही. आपल्याकडे डोंगराची नाकं समुद्रात शिरलेली आहेत आणि दोन नाकांच्या मध्ये एकेक पुळण वसलेली आहे. वाळूचा हिशेब बहुतांशी त्या दोन नाकांच्या आतच होतो. म्हणजे आपल्याला शेजारी कोण, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. एका नाकावर उभं राहून दुसरं नाक दिसतं, आणि मधल्या तीन-चार वाड्यांची वाळू एकाच कोठीतली आहे. तरीही बंधाऱ्याची मागणी होते ती वाडीची, मंजुरी मिळते ती वाडीला, आणि काम तुटतं ते वाडीच्या हद्दीवर. कोठी एक आणि दारं चार. ज्याचं वजन जास्त त्याने आपलं दार दगडाने बंद करून घ्यायचं, आणि बाकीच्यांनी पुढच्या वर्षी रांगेत उभं राहायचं.

मला हा प्रश्न आधी नीतीचा आणि मग स्थापत्यशास्त्राचा वाटतो. आपल्या घरचं सांडपाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नये, हे आपल्याकडे न शिकलेल्या माणसालाही कळतं. शेताच्या बांधावरून भाऊ भावाशी कोर्टात भांडतो, कारण बांध वीतभर सरकवणं हा अन्याय आहे हे दोघांनाही मान्य असतं. मग सरकारी पैशाने, अभियंत्याच्या सहीने आणि नारळ फोडून आपण शेजारच्या वाडीची पुळण घालवतो, तेव्हा ते आपल्याला अन्याय का वाटत नाही? दगड हलला नाही, म्हणून काम यशस्वी. आमच्या खात्यातलं मोजमाप पुस्तक हे याचं खरं कारण आहे. त्यात दगड घनमीटरमध्ये येतो, खडी येते, वाहतूक येते. वाळू येत नाही. जे मोजमाप पुस्तकात येत नाही त्याचं बिल निघत नाही, आणि ज्याचं बिल निघत नाही त्याची काळजी घेणारं कोणी उरत नाही.

बरं, दगड तरी टिकतो का? पुष्कळदा टिकत नाही. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बंधाऱ्याची गोष्ट रत्नागिरीकरांना सांगायला नको. पावसाळा आला की तो फुटल्याच्या बातम्या येत आणि पुन्हा दुरुस्तीच्या. किनाऱ्याच्या बंधाऱ्याचा घात बहुधा पायथ्याशी होतो, आणि तो कसा होतो हे प्रत्येक किनारी गावाला माहीत असायला हवं.

लाट दगडी उतारावर आपटते तेव्हा तिची सगळी ताकद विरत नाही. उरलेली माघारी फिरते आणि पायथ्याची वाळू उचलून नेते. आता एक गोष्ट लक्षात घ्या. उथळ पाण्यात मोठी लाट टिकूच शकत नाही. पाण्याच्या खोलीच्या साधारण 78 टक्के उंची झाली की ती फुटते. म्हणजे पायथ्याशी अडीच मीटर पाणी असेल, तर बंधाऱ्यापर्यंत पोचणारी लाट फार तर दोन मीटरच्या आसपास. पायथा एक मीटर खरवडला गेला की पाणी साडेतीन मीटर होतं आणि लाट पावणेतीन मीटरच्या घरात जाते. दगडाचं वजन किती हवं, याचं सूत्र अमेरिकेतल्या रॉबर्ट हडसन यांनी 1950 च्या दशकात प्रयोगशाळेतल्या लाटांवरून बसवलं. त्या सूत्रात वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतं. एक मीटर खरवडीचा अर्थ असा की जिथे सव्वा टनाचा दगड पुरत होता, तिथे आता जवळपास साडेतीन टनाचा लागतो. दगड तर सव्वा टनाचाच आहे. बंधाऱ्याने स्वतःच आपल्या पायाशी खड्डा केला, त्या खड्ड्याने मोठ्या लाटेला वाट दिली, आणि मग लोक म्हणतात समुद्र कोपला.

म्हणून पायथ्याला वेगळं, जड आणि खोल बसवलेलं काम लागतं. म्हणूनच मोठ्या दगडाखाली लहान दगड, त्याखाली खडी आणि सर्वांत खाली गाळणीचं कापड असा थरांचा क्रम पाळावा लागतो. नाहीतर प्रत्येक लाट मागची वाळू दगडांच्या फटींतून शोषून घेते आणि बंधारा आतून पोकळ होऊन बसतो. हे दोन्ही, पायथा आणि गाळणीचा थर, काम संपल्यावर दिसत नाहीत. जे दिसत नाही तिथेच काटकसर होते. दगडाचा आकारही समुद्र ठरवत नाही. खाणीतून काय निघतं आणि डंपर काय उचलतो यावर तो ठरतो. लहान दगडांचा ढीग रचणं सोपं आणि स्वस्त असतं. पहिल्या पावसाळ्यापर्यंत तो भरीव कामासारखाच दिसतो. त्या फरकाची किंमत भरणारा माणूस बंधाऱ्यामागच्या घरात झोपलेला असतो.

आता आकड्याविषयी. प्रत्येक बंधाऱ्याच्या मुळाशी एक आकडा असतो: किती मोठ्या लाटेसाठी हे काम आहे? आम्ही तो 'पन्नास वर्षांतून एकदा येणारी लाट' अशा भाषेत लिहितो. गावकरी हे ऐकतात आणि समजतात की पुढची पन्नास वर्षं चिंता नाही. त्या शब्दांचा खरा अर्थ असा की दर वर्षी शंभरात दोन एवढी शक्यता आहे. पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला, तर अशी लाट निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात चाळीस निघते. जवळजवळ नाणेफेकच म्हणायची. हे ज्याला सांगितलं नाही त्याच्याकडून बंधाऱ्याला संमती घेतली असं कसं म्हणता येईल? शिवाय तो आकडा जुन्या नोंदींवरून काढलेला असतो, आणि अरबी समुद्र आता जुन्यासारखा राहिलेला नाही. चक्रीवादळंच पाहा: ऑक्टोबर 2019 मध्ये क्यार, 3 जून 2020 ला निसर्ग, मे 2021 मध्ये तौक्ते. निसर्गच्या वेळी मिऱ्याच्या बंधाऱ्यावर बसरा स्टार नावाचं जहाजच येऊन आदळलं. पाण्याची सरासरी पातळी वाढते आहे ती वेगळीच. कालच्या समुद्रासाठी काढलेल्या आकड्यावर आजची वस्ती निजवणं हा विश्वासघात आहे, मग तो कोणाच्या मनात नसला तरी.

हॉलंडमध्ये 1 फेब्रुवारी 1953 च्या पहाटे बांध फुटले आणि 1,836 माणसं बुडाली. त्यानंतर त्या देशाने काय केलं, हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. बांध तर त्यांनी उंच केलेच. पण त्याआधी, किती उंच हा प्रश्न त्यांनी उघडपणे चर्चेला घेतला. व्हान डान्त्झिग या गणितज्ञाने बांधाचा खर्च आणि पुराचं नुकसान एकमेकांसमोर मांडून किती धोका पत्करायचा याचा हिशेब दिला. देशाच्या मधल्या दाट वस्तीसाठी दर वर्षी दहा हजारांत एक, इतकाच धोका मान्य करायचा असं ठरलं आणि पुढे ते कायद्यातही आलं. 1965 पासून तिथे किनाऱ्याचे छेद दर वर्षी मोजतात. 1990 मध्ये त्यांनी ठरवलं की किनारा जागेवर राखायचा, आणि तोही शक्यतो वाळूने. 2011 मध्ये हेगच्या दक्षिणेला सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळूचं एक द्वीपकल्पच त्यांनी टाकलं, लाटांनी ती वाळू आपणहून शेजारच्या किनाऱ्यांना वाटावी म्हणून. आपला पावसाळी समुद्र वेगळा आहे, आपली तिजोरीही वेगळी आहे. त्यांची वाळू उचलून इथे आणा असं मी म्हणत नाही. पण धोक्याचा आकडा लोकांपुढे ठेवण्याला आणि किनारा दर वर्षी मोजण्याला श्रीमंती लागत नाही.

आणि धोका सगळ्यांचा मानून त्यावर नजर ठेवणं आपल्या परंपरेला परकंही नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे बांध होते, त्यांना पाणी सोडायच्या उघाड्या होत्या, आणि त्यांच्या डागडुजीसाठी जोळ, म्हणजे सगळ्यांनी मिळून राबण्याचा रिवाज, होता. उधाणात बांधाला खांड पडली की घरटी माणूस चिखल-पेंढा घेऊन निघायचा. जो बांधाजवळ राहतो त्याचंच ते काम नव्हतं. ज्याचं शेत लांब, आत आहे तोही यायचा, कारण खारं पाणी आत शिरल्यावर हद्द ओळखत नाही. 1948 चा खारजमिनीचा कायदा आणि मग 1979 चा खारभूमी विकासाचा कायदा यांच्यामुळे बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. पैसा सरकारचा आला, हे चांगलंच झालं. पण जोळ विरत गेला, आणि त्याच्याबरोबर बांधाकडे रोज नजर टाकणारा माणूसही गेला. सरकारी अंदाजपत्रकात नवीन कामाला पैसे असतात, डागडुजीला नसतात. पहिला दगड निसटतो तेव्हा तो परत बसवायला एक दिवस पुरतो. दोन पावसाळ्यांनी तिथे वीस मीटरचं भगदाड असतं आणि नवी निविदा निघते.

दगडाचा आणखी एक बळी आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मालवणच्या बाजूला रापण लागते. चाळीस-पन्नास माणसं किनाऱ्यावर उभी राहून जाळं ओढतात, आणि मासळीत सगळ्यांचा वाटा असतो, म्हातारीचाही. रापणीला पुळण लागते. होडी शाकारून ठेवायला पुळण लागते, जाळी सुकवायला लागते, मासळी वाळवायला लागते. टनावारी दगडांवरून रापण ओढता येत नाही. ज्या मच्छीमाराचं घर वाचवायला आपण बंधारा घालतो, त्याचं कामाचं अंगण आपण त्याच बंधाऱ्याखाली गाडतो. मग तो म्हणतो, माझी मुलं आता हा धंदा करणार नाहीत. त्या कुटुंबाचं घर वाचलं आणि घर चालवणारा धंदा गेला, आणि हे नुकसान कोणत्याही भरपाईच्या अर्जात बसत नाही.

घरं वाचवू नयेत असं कोणी यातून ऐकू नये. जिथे वस्ती, शाळा, दवाखाना किंवा गावचा एकच रस्ता पाण्याच्या तोंडाशी आला आहे, तिथे बंधारा घातलाच पाहिजे, आणि चांगला घातला पाहिजे. मी स्वतः तिथे पुन्हा सही करीन. पण त्याच अंदाजपत्रकात टोकापलीकडच्या वाडीला द्यायच्या वाळूची तरतूद असावी. खाडीचं तोंड किंवा बंदर साफ करताना जी स्वच्छ वाळू निघते, ती विकली जाऊ नये की खोल समुद्रात टाकली जाऊ नये. ज्या किनाऱ्याची ती होती त्याला परत मिळावी. खाड्यांमधला बेकायदा वाळूउपसा हा महसूल बुडवण्याचा गुन्हा मानला जातो. तो त्याहून मोठा आहे, कारण तो पुळणीच्या तोंडचा घास काढतो. धरणांमुळे नद्यांची वाळू आधीच अडली आहे. जी थोडी खाली उतरते तीही आपण पंपाने ओढून घरांच्या स्लॅबमध्ये घालतो, आणि मग किनाऱ्यासाठी डोंगर फोडून दगड आणतो.

जिथे अजून काहीच बांधलेलं नाही तिथे तर नियम सोपा हवा. किनाऱ्यावरची जांभळ्या फुलांची ती वेल आपल्याकडे मर्यादवेल म्हणून ओळखली जाते. ती जिथपर्यंत पसरते तिथपर्यंत समुद्राचा हक्क, असं जुनी माणसं मानत. ती वाळू धरून ठेवते, टेकाड वाढवते, आणि उधाणात समुद्राला द्यायला वाळूची शिल्लक ठेवते. आज रिसॉर्टची पहिली पायरी मर्यादवेल उपटून बसवली जाते. 2019 च्या किनारा नियमावलीने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरांवरून 50 मीटरांवर आणला. कायद्याने परवानगी दिली म्हणून समुद्र मागे सरकत नाही. त्या 50 मीटरांपलीकडे आज बांधणारा माणूस दहा वर्षांनी बंधारा मागायला येईल, आणि त्याच्या आवाजापुढे रापणकराचा आवाज ऐकू येणार नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना मला वेगळं सांगायचं आहे. आपल्याला हे सगळं येतं. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे, तिची सुरुवात 1916 ची; तिथे टाकीत लाटा उठवून बंधाऱ्याची लहान प्रतिकृती मोडेपर्यंत तपासता येते. ज्ञान आपल्या दारात आहे. उणीव आहे ती ते मराठीत, ग्रामसभेत, नकाशावर बोट ठेवून सांगण्याच्या धैर्याची. कोणत्या लाटेसाठी, किती वर्षांसाठी, पायथा किती खोल, आणि टोकाला काय होणार: एवढ्या चार गोष्टी कामाच्या फलकावर ठेकेदाराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत लिहा. ठरावीक रकमेत ठरावीक लांबी बसवा म्हणून वरून सांगितलं गेलं, तर पायथा कापू नका, लांबी कमी करा, आणि का कमी केली ते लिहून ठेवा. मी ते लिहिलं नव्हतं.

आणि गावांनी पुढच्या ठरावाआधी आपली पुळण मोजावी. याला यंत्र लागत नाही. एमरी नावाच्या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये सांगितलेली पद्धत आठवीतली मुलं करू शकतात. सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्यायच्या, त्यांवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करायच्या आणि दोन्हींच्या मध्ये ठरावीक लांबीची दोरी बांधायची. समुद्राकडे उतरताना मागच्या मुलाने पुढच्या काठीचं टोक क्षितिजरेषेला लावून बघायचं आणि ती नजर आपल्या काठीला कुठे छेदते तो आकडा वाचायचा. तेवढा उतार. दोरीदोरीने ओहोटीच्या पाण्यापर्यंत जायचं आणि आकडे वहीत उतरवायचे. सुरुवात मात्र दर वेळी एकाच ठिकाणाहून व्हावी, देवळाच्या जोत्यापासून किंवा शाळेच्या कोपऱ्यापासून. एक मोजणी मे महिन्यात, होड्या शाकारण्याआधी. दुसरी पावसाळा सरल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की. पाच वर्षांची वही झाली की कळेल की वाळू परत येते आहे की कायमची जाते आहे. वही वाडीच्या हद्दीवर थांबवू नका. एका नाकापासून दुसऱ्या नाकापर्यंत काठ्या न्या, आणि मधल्या प्रत्येक वाडीतलं एक मूल बरोबर घ्या.